दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर आणि अण्णांची सही

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, खडकीच्या एका कर्मचारी वसाहतीत, रविवारी सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी, मनुष्यजातीच्या उड्डाणाच्या इतिहासातली एक अत्यंत महत्त्वाची घटना घडली असून तिची नोंद आजवर कुठेही घेतली गेलेली नाही. ती घेण्याचा मान मी आज स्वतःकडे घेत आहे. कुणी उभं राहण्याची आवश्यकता नाही. सदर हेलिकॉप्टर हिरव्या प्लास्टिकचं होतं, दीड वीत लांब होतं, आणि त्याचा चालक मी होतो. उड्डाण एकूण सात सेकंद टिकलं. त्या सात सेकंदांवर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं. हिंजवडीच्या वाटेवर कंपनीची बस अर्धा अर्धा तास एकाच जागी उभी राहते तेव्हा मी हा किस्सा अभिनयासह सांगतो, हातांनी पंखे फिरवतो, तोंडाने आवाज काढतो, आणि शेवटच्या बाकापर्यंत लोक हसतात. मात्र सांगताना मी एक गोष्ट दर वेळी गाळतो. त्या दिवसांत मला स्वतःला हसू येत नव्हतं. महिनोन्‌महिने येत नव्हतं.

मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात बुडालो होतो. पुण्यातली पोरं त्याला ‘वायडी लागली’ म्हणतात, जणू एखादी साथ आली आणि आपल्यालाही लागली. बरोबरची मुलं तिसऱ्या वर्षात गेली आणि मी घरी बसलो. घरी बसलो म्हणजे तरी काय? वसाहतीत दिवसाढवळ्या वीस वर्षांचा मुलगा गॅलरीत दिसला की समोरच्या तीन गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घालायला माणसं बाहेर येतात. म्हणून मी सकाळी नऊला सॅक पाठीला लावून निघायचो आणि खडकी स्टेशनच्या फलाटावर, पाणपोईमागच्या बाकावर जाऊन बसायचो. लोकल यायची, जायची. लोणावळ्याकडची गाडी आणि पुण्याकडची गाडी यांच्या भोंग्यात फरक असतो असं मला तिथे बसून बसून वाटायला लागलं होतं, इतका मला वेळ होता. सॅकमध्ये पुस्तकं होती, ती मी कधी काढली नाहीत. पाच वाजता कारखान्याचा भोंगा झाला की शिफ्ट सुटायची, आणि त्या सायकलींच्या लोंढ्यात मिसळून मीही कुठूनतरी काम करून आल्यासारखा घरी यायचो.

माझे वडील, अण्णा, दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. ते नेमकं काय तपासायचे हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण ते सांगायचं नसतं, आणि जे सांगायचं नसतं ते अण्णांनी खरोखरच कधी सांगितलं नाही. एवढंच माहीत होतं की काहीतरी गोल असतं, ते एका मापातून जातं किंवा जात नाही, आणि तपासून झालेल्या स्क्रूच्या डोक्यावर अण्णा पिवळ्या रंगाची केसाएवढी रेघ ओढतात. ती रेघ पडली की त्या वस्तूला नंतर कुणी हात लावायचा नाही. घरातही हाच कायदा होता. आमचा मिक्सर, इस्त्री, गॅसची शेगडी, आईच्या शिलाईमशीनचा पाय, सगळ्यांच्या स्क्रूंवर पिवळ्या रेघा होत्या. मिक्सर कधीकधी ट्रॅक्टरसारखा ओरडायचा, पण अण्णांनी तो पाहिलेला होता, म्हणजे तो ठीक होता. आवाज आपल्याच कानात असणार, असं मानून आई चटणी वाटायची. अण्णांनी पास केलेल्या वस्तूकडे पुन्हा निरखून बघणं म्हणजे त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीकडे निरखून बघणं. ते धाडस आमच्या घरात कुणी केलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी अण्णांनी माझी गुणपत्रिका पुढून वाचली, मागून वाचली, खिडकीकडे धरून उजेडात बघितली. “रिजेक्ट,” ते म्हणाले आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत. मी हातभर अंतरावर बसलेला असायचो आणि ते आईला म्हणायचे, “त्याला म्हणावं, नळ टपकतोय.” आई भात वाढता वाढता माझ्याकडे वळून म्हणायची, “नळ टपकतोय.” मी उठून नळ बंद करायचो. जेवताना फक्त चावण्याचे आवाज. आई त्या काळात फोडणीच घालेनाशी झाली. कुणाचं सुतक नव्हतं, पण मोहरी तडतडली की त्या शांततेत फटाका फुटल्यासारखं व्हायचं, तिलाच दचकायला व्हायचं. बिनफोडणीचं वरण, उकडलेली गवार, तव्यावरची पोळी. मला आजही कुणी डाएटचं जेवण म्हणून ते ताट पुढे केलं तर मी ते हळूच मागे सारतो, आणि बायको म्हणते, इतकंही वाईट नाहीये.

आता मुख्य कागद. कॉलेजात पुन्हा नाव घालायला एक अर्ज भरायचा होता, आणि त्यावर पालकाची सही हवी होती. अर्ज फ्रिजवर, मिठाच्या बरणीखाली ठेवलेला होता. अण्णा रोज फ्रिज उघडायचे, पाण्याची बाटली काढायचे, अर्जाकडे बघायचे आणि फ्रिज लावायचे. नाही म्हणाले नाहीत. तपासल्याशिवाय सही करायची नाही आणि नापास मालावर तर नाहीच, हा त्यांचा स्वभाव होता. मुदत संपली की माझं कॉलेज संपलं, कायमचं. मी त्यांची सही करून बघितली. वर्तमानपत्राच्या कडेला नऊ वेळा केली आणि त्यातही नापास झालो. मग आईला म्हणालो, “तू कर ना. पालक म्हणजे तूपण.”

आई भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, “करते की. दोन मिनिटांचं काम. पण मग तो माणूस या घरात जन्मभर पाहुण्यासारखा जेवेल. चालेल तुला?”

मला चालणार नव्हतं. पण दुसरं काय चालणार होतं तेही कळत नव्हतं. त्या रिकाम्या महिन्यांत मला एकाच गोष्टीचं वेड होतं, आणि खरं सांगायचं तर बुडण्यामागेही बरंचसं तेच होतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी स्वस्तातल्या रेडिओ हेलिकॉप्टरांची माहिती वाचत असे. कुठलं किती मिनिटं उडतं, कुणाची मोटर लवकर जळते, जगभरातले माझ्यासारखेच बिनकामाचे लोक काय लिहितात. विकत घ्यायची हिंमत नव्हती. हे आईला कसं माहीत होतं ते मला माहीत नाही. तिने आपल्या ठेवणीतले पैसे काढले आणि एका सुट्टीच्या सकाळी, पोहे पुढे ठेवत अण्णांना म्हणाली, “अहो, तो एक मशीन आणायला गावात चाललाय. त्याला फसवतील. तुम्ही जा बरोबर.”

“मशीन?” अण्णांनी पोह्यांना विचारलं.

“दोन पंख्यांचं आहे म्हणे. मला काय कळतंय?”

अण्णा उठले आणि त्यांनी खिशात स्टीलची पट्टी टाकली. यंत्र घ्यायचं आणि ते न तपासता घ्यायचं, ही कल्पना त्यांना माझ्याशी बोलण्यापेक्षाही असह्य होती.

लोकलने शिवाजीनगर, तिथून पूल ओलांडून कसब्यात पायी. अण्णा पुढे, मी चार पावलं मागे. तांबट आळीतून घणांचा आवाज येत होता, आणि तो आवाज चालू होता तोवर आम्ही दोघं नुसतेच गप्प असलेले बाप-लेक वाटत होतो. पुढे गल्ली शांत झाली तसा आमचा अबोला पुन्हा उघडा पडला. दुकान चिंचोळं होतं, घड्याळांचे सेल, बॅडमिंटनची फुलं आणि वर छतापर्यंत खेळण्यांची खोकी. दुकानदार वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “काय?”

“हेलिकॉप्टर,” मी म्हणालो. “रेडिओवर चालणारं. स्वस्तातलं.”

“वय काय मुलाचं?”

“वीस,” अण्णा म्हणाले.

दुकानदारांनी चष्म्यावरून आधी अण्णांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “बरं. म्हणजे सुटे भाग गिळण्याची भीती नाही.” आणि त्यांनी तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिलं अगदी खऱ्यासारखं होतं, वर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा. “हे दिसायला छान. पडलं की पहिली शेपटी जाते.”

“शेपटी वेगळी मिळते?” मी विचारलं.

“मिळते ना. दुसरं हेलिकॉप्टर घ्यायचं, त्याला लावलेलीच असते.”

दुसऱ्याला एकावर एक असे दोन पंखे होते. हे गरीब गाईसारखं आहे, ते म्हणाले, जागेवर उभं राहतं, पण पुढे जा म्हटलं तर विचार करतं. तिसरं खोकं त्यांनी जरा अनिच्छेनेच उघडलं. लांबुळकं, हिरवं, एक पंखा नाकावर आणि एक पार मागे. शेपटीच नाही. “हे खपत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, कारखान्यात उलटंसुलटं जोडलंय.”

मला हवं होतं ते हेच. कॅफेच्या पडद्यावर मी त्याच्याबद्दल इतकं वाचलं होतं की हातात घेतल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. अण्णांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि खालून-वरून पाहिलं. मग दुकानदारांना म्हणाले, “त्याला विचारा, याला शेपटीचा पंखा का लागत नाही.”

“कुणाला विचारू?”

“त्याला.”

“तो तुमच्या शेजारी उभा आहे.”

“दिसतंय मला.”

दुकानदारांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “हे विचारतायत, याला शेपटीचा पंखा का लागत नाही.”

मी दुकानदारांकडे बघून उत्तर दिलं. म्हटलं, एकच पंखा असला तर तो एकीकडे फिरतो आणि अंग दुसरीकडे गिरकी घ्यायला बघतं, ती गिरकी अडवायला शेपटीचा पंखा. इथे पुढचा एका बाजूला फिरतो आणि मागचा बरोबर उलट. दोघांचे पीळ एकमेकांत संपतात आणि सगळी ताकद वर उचलायला उरते. हे मी परीक्षेत लिहू शकलो नव्हतो. त्या वर्षातलं माझं हे पहिलं बरोबर उत्तर होतं आणि ते मी एका खेळणीवाल्याला दिलं होतं.

“त्याला सांगा, बरोबर आहे,” अण्णा म्हणाले.

“बरोबर आहे म्हणतायत. आणि आता माझं एक ऐका दोघांनी. मी दुकान चालवतो, टपाल खातं नाही. घ्यायचं असेल तर माझ्याशी बोला, नसेल तर एकमेकांशी बोला.”

अण्णांनी खिशातून पट्टी काढली आणि चारही पाती एकेक करून मोजली. दुकानदार म्हणाले, “अहो, खेळणं आहे ते.” अण्णा पट्टीवरून नजर न काढता म्हणाले, “म्हणूनच बघतोय. खऱ्याचं बघायला लोक नेमलेले असतात.” खोकं त्यांनी स्वतःच्या काखेत धरलं. परतीच्या वाटेवर ते चारऐवजी दोन पावलं पुढे होते. मी मोजत होतो. असली मापं घेण्यात मी त्यांचाच मुलगा होतो.

पुढचा आठवडा मी फलाटावर गेलो नाही. अण्णा कामावर गेले की बाहेरच्या खोलीतली कॉट भिंतीला लावायची, पंखा बंद करायचा, आणि हेलिकॉप्टर जमिनीवरच्या एका फरशीच्या मधोमध ठेवायचं. रिमोटची अँटेना ओढली की सॅकमधल्या पुस्तकांपेक्षा जास्त अधिकार हातात आल्यासारखं वाटायचं. हळूच दांडी वर. आधी पाती लुळी असायची. यंत्र आडवं धरलं तर शेळीच्या कानांसारखी खाली लोंबायची. पण मोटर फिरली की ती आपोआप ताठ व्हायची, एका रेषेत यायची, आणि मग माशी घोंगावावी तसा बारीक, एकसारखा आवाज. पहिले दोन दिवस ते भिंतीवर, कॉटवर, आईच्या तुळशीत गेलं. तिसऱ्या दुपारी ते फरशीवरून सुटलं, माझ्या छातीपर्यंत आलं आणि थांबलं. हवेत. काहीच न करता. पुढचा पंखा, मागचा पंखा, मध्ये ते हिरवं लांबुळकं पोट, आणि खाली मी, श्वास रोखून. हल्ली बाजारात मिळणारे ड्रोन स्वतःच स्वतःला सावरतात, माणूस चहा पीत उभा राहिला तरी चालतो. त्यांना पाहून मला जराही मत्सर वाटत नाही. त्या दिवशी ते मीच धरलेलं होतं, दोन अंगठ्यांवर. मागे वळून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होती आणि तिचं तोंड उघडंच होतं. त्या दुपारी घरात चार महिन्यांनी मोहरी तडतडली.

शनिवारी दुपारी जेवताना तिने हल्ला चढवला. “अहो, सोमवारी त्या कागदाची मुदत संपते. उद्या सकाळी तो उडवून दाखवणार आहे. उडलं तर सही करायची.”

अण्णा गवार चावत राहिले. मला वाटलं, हेही गेलं. मग ते पाण्याच्या तांब्याला म्हणाले, “चाचणीला साक्षीदार लागतो. साळवीला बोलावतो.”

साळवीकाका अण्णांच्याच विभागात होते, चाळीस पावलांवर राहायचे, आणि कुठल्याही गोष्टीबद्दल चांगलं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण साक्षीदार बोलावला याचा अर्थ माल चाचणीसाठी दाखल करून घेतला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते फोडणीवर ढकललं.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर अण्णा खाली वर्तमानपत्र पसरून बसले होते. समोर माझं हेलिकॉप्टर, शेजारी घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरांची डबी आणि रंगाची ती छोटी बाटली. ते शेवटच्या स्क्रूवर पिवळी रेघ ओढत होते, जीभ किंचित बाहेर काढून. चार महिन्यांत त्यांनी माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावला नव्हता. माझं ताटसुद्धा ते उचलत नसत. मला इतका आनंद झाला की मी गुपचूप शर्ट घालायला आत पळालो. त्यांनी काय केलं ते मी बघायला हवं होतं. यंत्र नुसतं आडवं धरलं असतं तरी कळलं असतं. पण त्यावर पिवळी रेघ होती, आणि पिवळी रेघ असलेली वस्तू मी तपासणार? मी? त्या घरात जन्मलेल्या माणसाला ते सुचूच शकत नाही.

वसाहतीचा मोकळा हॉल होता, एरवी तिथे हळदीकुंकू आणि कॅरम व्हायचं. साळवीकाका खुर्चीवर बसले, मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी हातात धरलं. अण्णा त्यांच्या शेजारी उभे राहिले. आई दारात, हातात शिऱ्याचा डबा. अर्ज अण्णांच्या शर्टाच्या खिशात, उभी घडी घालून; मला त्याची कड दिसत होती.

मी दांडी वर केली. पंखे फिरले आणि हेलिकॉप्टरला हिवताप भरला. दुसरा शब्द नाही. ते थडथडायला लागलं, जमिनीवर खेकड्यासारखं तिरकं चालत गेलं आणि खुर्चीच्या पायाला लागून थांबलं.

“त्याला म्हणावं, घाई नको,” अण्णा साळवीकाकांना म्हणाले.

साळवीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. “काय रे, वडील काय म्हणतायत?”

दुसऱ्या वेळी मी इतका हळू गेलो की अंगठा दुखायला लागला. ते हातभर वर आलं, मानेने नाही म्हणावं तसं नाक दोन्हीकडे हलवलं आणि आदळलं. घाम माझ्या भुवईतून डोळ्यात येत होता. काल जमत होतं. काल याच अंगठ्यांनी ते मी धरून ठेवलं होतं, आणि आज हे अंगठे दुसऱ्या कुणाचेतरी होते. तिसऱ्या वेळी मी दांडी पूर्ण वर ढकलली. ते छातीपर्यंत चढलं, आणि त्या एका क्षणी मी खरंच आईकडे पाहून हसलो. मग मागचा पंखा खचला, यंत्र उभंच्या उभं उलटं झालं आणि कॅरमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर गेलं. दोन पाती तुटली. मागचा दांडा वाकला. मोटर थोडा वेळ रिकामीच फिरत राहिली, संपलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“सात सेकंद,” साळवीकाका म्हणाले. “शेवटचे धरून.”

अण्णांनी खिशातल्या अर्जावर हात ठेवला, तो तिथेच आहे ना बघावं तसा. मग साळवीकाकांना म्हणाले, “मशीन पास होतं. मी स्वतः बघितलं होतं. त्याच्या हातात काही नाही. कधीच नव्हतं.”

आईने डब्याचं झाकण लावलं. तो आवाज मला आजही ऐकू येतो. मी वाकून तुकडे गोळा करायला लागलो, आणि मला कुणाचा रागसुद्धा आला नाही, इतकं ते खरं वाटलं. फलाटावर बसून मी स्वतःबद्दल जे जे ठरवलं होतं ते आज साक्षीदारासमोर सिद्ध झालं होतं. उत्तर येत असलं तरी ते माझ्या हातातून खाली पडतं. सोमवारपासून पुन्हा ते बाक, पुन्हा त्या गाड्या, आणि आता तर पाठीला सॅकही लावायचं कारण नाही. वीस वर्षांचा माणूस म्हातारा होऊ शकतो का, असं कुणी विचारलं तर मी त्या हॉलची फरशी दाखवीन.

साळवीकाका खुर्चीवरून उठले. त्यांनी माझ्या हातातून सांगाडा घेतला, आडवा धरला आणि शिल्लक राहिलेल्या एका पात्याला बोटाने टिचकी मारली. पातं हललं नाही. दुसऱ्याला मारली. तेही हललं नाही. ते खोक्याकडे गेले, आतला घडी घातलेला कागद काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या त्या भाषेत ओठ हलवत वाचत राहिले. “पाटणकर,” ते अण्णांना म्हणाले, “इथे लिहिलंय, पात्यांचे स्क्रू आवळायचे नाहीत. सैल ठेवायचे. फिरताना पाती आपोआप सरळ होतात. आवळले तर सगळं थरथरतं आणि पडतं.” त्यांनी सांगाडा उजेडात धरला. “हे तर कुणीतरी बैलासारखे आवळलेत.”

अण्णा त्या चार पिवळ्या रेघांकडे बघत होते. साळवीकाकाही बघत होते, आणि रेघ कुणाची आहे हे त्यांना सांगायला नको होतं. चौतीस वर्षांत सैल स्क्रू म्हणजे गुन्हा हेच अण्णा जगले होते. सैलच असायला हवा असा स्क्रू जगात असू शकतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तो बघवेना.

अण्णा आता नाहीत. त्यांनी सोमवारी सकाळी सही केली, पेन चालतंय का ते आधी वर्तमानपत्राच्या कडेला बघून, आणि कामावर निघून गेले. मी रडतखडत इंजिनियर झालो, आणखी दोन विषय मागे ठेवून, आणखी एकदा धडपडून. आमच्यात पुढे फार बोलणं झालं असंही नाही. सगळं सुरळीत झालं असं बसमधल्या लोकांना वाटतं, कारण मी त्यांना तसं वाटू देतो. जे चार महिने गेले ते गेलेच. त्यांत बोलायचं होतं ते नंतर कधी बोलून झालं नाही, आणि ते निवृत्त होऊन दोन वर्षांत गेले. मला वाटतं, त्या हॉलमध्ये घडलं ते आमच्यातलं सगळ्यात मोठं संभाषण होतं.

कारण तिथे हॉलमध्ये अण्णा त्या रेघांवरून नजर काढेनात, साळवीकाका वाट बघत उभे, आणि तीन माणसांसमोर चौतीस वर्षं उघडी पडलेली. मी नापासच होतो. माझ्यावर आणखी एक ठपका आला तर तो ठेवायला जागा होती, त्यांच्यावर नव्हती. फार उदात्त विचार केला असं नाही, तोंडातून निघून गेलं. “काका, मीच आवळले,” मी म्हणालो. “सकाळी. अण्णांनी बघितल्यानंतर.”

साळवीकाकांच्या भुवया वर गेल्या. आई दारातून एक पाऊल आत आली. आणि अण्णांनी मान वर केली. साळवीकाकांकडे नाही, आईकडे नाही, चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून, वसाहतीच्या तिसऱ्या इमारतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, “गप्प बस, गाढवा! एवढा घट्ट स्क्रू आवळायला येतो का तुला? मी आवळलेत ते!”